आण्णांना कळत नाही म्हणे

लकवा एका माणसाला होतो, पण सल्ले सगळ्या घराला सोसावे लागतात. आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, आजारपणात मला सगळ्यात जास्त कोणी छळलं असेल तर भेटायला येणाऱ्यांनी. दवाखान्यातून त्यांना आमच्या जामबागेतल्या घरी आणलं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून जी रीघ लागली ती थांबायचं नाव घेईना. माणूस दारात चपला काढता काढताच चेहरा पाडायचा. आत येऊन आण्णांच्या तोंडाशी तोंड न्यायचा आणि बहिऱ्याशी बोलावं तसा ओरडायचा, आण्णा, ओळखलं का, मी कोण? आण्णा डोळे मिटून घ्यायचे. मग तो आमच्याकडे बघून चुकचुकायचा, खुर्ची ओढून बसायचा आणि आपल्या साडूची गोष्ट काढायचा. प्रत्येकाला एक साडू होता. त्या साडूला आण्णांपेक्षा जबर लकवा झाला होता आणि आता तो रोज सकाळी टँकबंडवर फिरायला जात होता.

एकीने लसूण दुधात उकळून द्यायला सांगितलं. एकाने कबुतराच्या रक्ताने मालिश करा म्हणून सांगितलं आणि कबूतर कुठे मिळेल तेही सांगितलं. त्या वर्षांत हैदराबादेत रेकीचं नवीनच खूळ आलं होतं. आईच्या भिशीतली एक बाई तीन दिवसांचा कोर्स करून आली होती. ती आण्णांच्या डोक्यावर हात धरून अर्धा तास उभी राहिली आणि मग म्हणाली की यांच्यात फार राग साठलाय. हे सांगायला कोर्स कशाला हवा होता? आणि जाताना सगळ्यांचं एकच, वहिनी, मन खंबीर ठेवा. आई हो हो म्हणायची आणि पुढच्या माणसासाठी पोहे भिजवायला उठायची. तिचं मन खंबीर राहायला एक तास झोप मिळाली असती तरी पुरलं असतं.

मी तेव्हा चाळिशीला टेकले होते. लग्न झालं नव्हतं, आईवडिलांजवळच राहत होते आणि मराठी शाळेत पहिलीला शिकवत होते. आवाज मुळातच चढा, त्यात मास्तरकी. आण्णांचा स्वभाव माझ्यात आलाय असं सगळे म्हणायचे. आण्णा म्हणजे बोलणारा माणूस. सरकारी कचेरीतून निवृत्त झाले तरी सकाळी फाटकाशी उभे राहायचे आणि येईल जाईल त्याला अडवायचे. घरात मराठी, गल्लीत दखनी, भाजीवालीशी तेलुगू. कोणतीही भाषा असो, शेवटचा शब्द त्यांचाच. त्या माणसाची जीभच गेली. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि तोंडातून निघायचा तो नुसता घरघरल्यासारखा आवाज. मान डुगडुगायची, पण होकाराला तशीच आणि नकाराला तशीच. डॉक्टर म्हणाले, जीभ तर गेली आहे, समज किती शिल्लक आहे ते आज सांगता येत नाही. डोकं चालतं ठेवा.

धाकटा भाऊ पुण्याला होता. नवीन नवीन कॉम्प्युटर कंपन्या निघत होत्या, त्यातल्या एकीत त्याला चांगली नोकरी लागली होती आणि लिफ्टच्या इमारतीत फ्लॅट होता. तो दर रविवारी फोन करायचा. आमच्याकडे फोन नव्हता. कोपऱ्यावरच्या एसटीडीवाल्याकडे ठरलेल्या वेळी जाऊन बसायचं आणि त्याचा फोन आला की काचेच्या पेटीत घुसून घाम गाळत बोलायचं. त्याचं म्हणणं सरळ होतं. दोघांना पुण्याला नेतो, तिथं चांगले डॉक्टर आहेत, ते भाड्याचं घर सोडून द्या. तूही ये, पुण्यात मराठी शाळांना काय तोटा.

मी म्हटलं, आण्णांना विचारलंस का? तो म्हणाला, त्यांना कळतं कुठे, विचारू काय? इथं माझं डोकं फिरलं. जन्मभर ज्या माणसाने घरातली सुतळी कुठली आणायची तेही स्वतः ठरवलं, त्याला गाठोड्यासारखं उचलून रेल्वेत टाकायचं, आणि कारण काय तर त्याला बोलता येत नाही. मी पेटीत उभी राहून इतकी भांडले की बाहेरची माणसं काचेतून बघायला लागली. शेवटी तोही वैतागला.

"ताई, तू त्यांच्याकडून एक शब्द लिहून घे. फक्त एक. मग मी त्यांना विचारीन आणि ते म्हणतील तसं करीन."

दीड महिन्याने तो रजा घेऊन येणार होता. म्हणजे माझ्या हातात सहा आठवडे होते. मी म्हटलं, ठीक आहे. पहिलीची पोरं मी सहा आठवड्यांत गमभनपर्यंत आणते, हा तर मॅट्रिक झालेला माणूस.

सुलतान बाजारातून एक दगडी पाटी आणली. चार दुकानं फिरावी लागली, कारण आता सगळ्या इंग्रजी शाळा निघाल्यात, पाट्या कोण घेतो म्हणे. दुपारी शाळेतून आले की हातपाय धुऊन मी आण्णांना तक्क्याला टेकवून बसवायची, मांडीवर पाटी ठेवायची आणि त्यांच्या डाव्या हातात पेन्सिल द्यायची. पाटीच्या डाव्या टोकाला मी ग काढायची आणि म्हणायची, आण्णा, गिरवा. आण्णा माझ्याकडे बघायचे, पाटीकडे बघायचे, आणि हात नेऊन ठेवायचे पाटीच्या पार उजव्या कडेला. तिथं काहीतरी आकडे, वेलांट्या, टिंबं. मी हात उचलून डावीकडे आणायची. इथून, आण्णा, इथून. हात परत उजवीकडे. परत मी डावीकडे. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की काही पेशंटना एका बाजूचं भान राहत नाही. मला वाटलं, हेच ते. म्हणून मी आणखी जोर केला. त्यांचा हात माझ्या हातात घट्ट धरून ग गिरवून घेतला, वीस वेळा, तीस वेळा. हात सोडला की पुन्हा उजव्या कडेला आकडे. पालथ्या घड्यावर पाणी. ओल्या फडक्याने मी पाटी पुसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ग.

मी त्यांच्यावर ओरडायची, हे मला कबूल केलंच पाहिजे. लक्ष कुठंय तुमचं, असं म्हणायची. एकदा त्यांनी पेन्सिल भिरकावली, ती आईच्या पायाशी जाऊन फुटली. एकदा ते रडले. लकव्याच्या माणसाला उगीचच रडू येतं असं आम्हाला साडूवाल्यांपैकी कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून त्या रडण्याकडेही मी लक्ष दिलं नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"अगं, बाप हाय तो तुझा. शाळंतलं पोरगं न्हवं."

मी तिलाही उलटून बोलले. तुला इथून उठून पुण्याच्या फ्लॅटमध्ये जायचंय का, असं विचारलं. ती आत जाऊन कणीक मळायला लागली. खरं सांगायचं तर मी भ्यायले होते. आण्णांचं नाव पुढे करून मी भांडत होते, पण दोघं गेले, घर गेलं, की मी कुठे? चाळिशीच्या बाईने लेडीज हॉस्टेलात कॉट घ्यायची, नाहीतर भावाच्या घरी जाऊन भावजयीच्या ओट्याशी उभं राहायचं. आगीतून उठून फुफाट्यात. म्हणून मला आण्णांच्या हातून तो एक शब्द पाहिजे होता. शब्दही मी ठरवून टाकला होता, घर.

शेवटचे दोन आठवडे तर मी शाळेत रजाच टाकली. शाळेच्या मोठ्या बाई रागावल्या. वर्गात मुळात अकरा मुलं उरली होती, बाकीच्यांना आईबापांनी टाय लावून इंग्रजी शाळेत घातलं होतं. अशात तुम्हीच आला नाहीत तर हा वर्ग मी दुसरीत मिसळून टाकीन, असं त्या सरळ म्हणाल्या. मी म्हटलं, टाका. सकाळ-दुपार दोन्ही वेळ पाटी सुरू केली. आण्णांनी आता पाटी बघितली की मान भिंतीकडे वळवायला सुरुवात केली.

ठरल्याप्रमाणे गुरुवारी भाऊ सिकंदराबाद स्टेशनावर उतरून घरी आला. शनिवारची तिकिटं त्याच्या खिशात होती. संध्याकाळी चहा झाल्यावर तो आण्णांसमोर मांडी घालून बसला आणि मी पाटी ठेवली. परीक्षा माझीच होती. आण्णांनी पेन्सिल घेतली. हात उजव्या कडेला गेला. तेच आकडे. मी हात डावीकडे आणला, त्यांनी परत नेला, मी परत आणला, त्यांनी तिसऱ्यांदा नेला आणि मी तिसऱ्यांदा उचलला. तेवढ्यात भावाने माझं मनगट धरलं.

"ताई, बस झालं आता."

तो हळू आवाजात बोलला आणि त्याचे डोळे भरले होते. त्याने टोमणा मारला असता तर मी भांडले असते. त्याला माझी दया आली होती, हे मला सहन झालं नाही. मी उठून गच्चीवर गेले आणि शेजाऱ्यांच्या केबलच्या वायरींखाली वाळत घातलेले कपडे घड्या न घालता तसेच बोचक्यात भरून आणले. पाटी पुसायचंही मला सुचलं नाही.

शुक्रवारी सकाळी केस कापणारे चाचा आले. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं छोटं दुकान होतं आणि तीस वर्षं आण्णांची हजामत त्यांच्याच हातची. आजारपणात तीन आठवड्यांनी एकदा ते घरी यायचे, पण मी शाळेत असायची त्या वेळी. या वेळी दुसऱ्या दिवशी प्रवासाला निघायचं म्हणून आईने मुद्दाम बोलावणं पाठवलं होतं. त्यांनी आण्णांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, वाटीत साबण फेसून अर्ध्या तोंडाला लावला, आणि मांडीवरून बाजूला सरकवलेली पाटी उचलून खिडकीत ठेवायला गेले. ठेवता ठेवता थांबले. खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, पाटी हातभर लांब धरली, आणि माझ्याकडे वळले.

"बिटिया, तुम साब का हाथ पकड के लिखा रहे थे क्या?"

मी हौ म्हटलं.

"तो छोड दो ना. वोइच लिखे हैं साब. हाथ छोड, हाथ छोड. तीन बार लिखे हैं."

 मी पाटी हिसकावून बघितली. तेच आकडे, त्याच वेलांट्या, तीच टिंबं, जी मी सहा आठवडे बघत होते. उर्दू. उजवीकडून डावीकडे. तिसऱ्या ओळीचं शेवटचं अक्षर अर्धंच होतं, कारण तिथं मी हात उचलला होता.

आता यात न कळण्यासारखं काय होतं? आण्णा निजामाच्या राज्यात वाढले. तेव्हा आमच्याकडच्या खेड्यातला कुणब्याचा मुलगाही शिकला तर उर्दूतच शिकायचा. आण्णा उर्दूतून मॅट्रिक, हे तर मी आल्यागेल्याला कौतुकाने सांगायची. पुढे कचेरीत इंग्रजी आलं, मग तेलुगू आलं, घरात आम्ही मुलं मराठी शाळेत गेलो. मराठी पेपर ते ओठ हलवत, ओळीखाली बोट ठेवून वाचायचे आणि आम्ही हसायचो. त्यांना मराठी लिहिताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांना उर्दू लिहितानाही पाहिलं नव्हतं, म्हणून ती लिपी या घरात आहे हेच मी विसरले. आम्ही दोघं भावंडं जन्मापासून हैदराबादेत, दुकानांच्या पाट्यांवर उर्दू बघत मोठी झालेली, आणि बापाच्या मांडीवरची उर्दू आम्हाला अक्षरं म्हणूनसुद्धा ओळखता आली नाही. वर मी मास्तरीण. रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून टाकलेल्या पाटीवर आणखी काय काय लिहिलेलं होतं, देव जाणे.

मी आईवर उखडले. तुला तर माहीत होतं ना, मग बोलली का नाहीस? आई शांतपणे म्हणाली की तिला कुठलीच अक्षरं वाचता येत नाहीत, तिला सगळी सारखीच. आणि तू मास्तरीण, तुला कोण शिकवणार? 

भाऊ तर गुडघ्यांवर बसला होता. त्याने पाटी पुसून आण्णांच्या मांडीवर ठेवली, पेन्सिल त्यांच्या हातात दिली आणि स्वतःचे दोन्ही हात मागे घेतले. विचारलं, आण्णा, तुम्हाला सगळं कळतंय? पहिल्यापासून? आण्णांनी उजव्या कडेपासून सावकाश एकच शब्द लिहिला. चाचांनी वाचला आणि जरा संकोचले.

"गधा लिखे हैं, बेटा. तुम्हारे वास्ते."

भाऊ हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला. आईने पदर तोंडाला लावला. आण्णांच्या अर्ध्या तोंडावर साबण होता आणि उरलेल्या अर्ध्या तोंडाने ते आमच्याकडे असे बघत होते की असली औलाद आपल्याच पोटी कशी आली.

मी मात्र जिंकले होते. एक शब्द मागितला होता, तीन मिळाले होते. मी भावाला म्हटलं, आता विचार. तोंडाने कबूल केलंयस. त्याने डोळे पुसून विचारलं की आण्णा, पुण्याला यायचं की इथंच राहायचं. मी त्याच्या मागे कमरेवर हात ठेवून उभी होते. उत्तर मला माहीतच होतं. आण्णांनी लिहिलं. चाचा वाकले, वाचलं, पुन्हा वाचलं.

"जाना है, बोल रहे."

मी म्हटलं, चाचा, नीट बघा. ते म्हणाले, बिटिया, दो लफ्ज हैं, क्या गलत पढूँगा. मी पाटी पुसली आणि आण्णांना परत लिहायला लावलं. परत तेच. मी विचारलं, का? इथं काय वाईट आहे? हे तुमचं घर आहे, ही तुमची गल्ली आहे, सगळे तुम्हाला ओळखतात. या खेपेला त्यांना बराच वेळ लागला. पेन्सिल दोनदा हातातून घसरली, ती उचलून द्यायलाही आता कोणी पुढे होईना. तिसऱ्या खेपेला ती त्यांची त्यांनीच पकडली.

"इधर सब देखने आते," चाचांनी वाचलं.

 दोन महिने त्या साडूवाल्यांवर मी एकटीच वैतागलेली आहे असं मला वाटत होतं. ज्या फाटकाशी उभं राहून हा माणूस गल्लीला बोलून दमवायचा, तीच गल्ली रोज येऊन, वाकून, त्याला विचारत होती की मी कोण. ज्या शहरात आपला आवाज कोणीच ऐकलेला नाही तिथं त्याला जायचं होतं. मला ते कळलं, अगदी नीट कळलं, आणि तरीही मला राग आला. यांच्यासाठी मी भावाशी भांडले, शाळा सोडून बसले, आईला तोडून बोलले, आणि यांना जायचंच होतं. मनात होतं ते तोंडातून निघून गेलं.

"आणि माझं काय, आण्णा?"

चाचांनी उचललेला वस्तरा खाली केला. आण्णांनी माझ्याकडे बघितलं. डोळे मिटले नाहीत. मग गळ्यातल्या कापडाच्या टोकाने त्यांनी स्वतःच पाटी पुसली, कशीबशी, अर्धीमुर्धी, आणि त्या पुसट पाटीवरच लिहायला घेतलं. चाचा एकेक शब्द उमटेल तसा वाचत गेले.

"तू इस्कूल कू जा. बच्चे बैठे होंगे."

मी घड्याळाकडे बघितलं. पावणेदहा झाले होते. आज माझी रजा आहे असं सांगावंसं वाटलं, आणखीही पुष्कळ काही बोलावंसं वाटलं. पण आण्णांनी पेन्सिल खाली ठेवली होती आणि मान मागे टाकून गळा चाचांपुढे केला होता. बोलणं संपलं की ते नेहमी असंच करायचे, विषय त्यांच्याकडून संपलेला असायचा. मी पर्स घेतली आणि निघाले. केस विंचरायचे राहिले होते, ते कोपऱ्यावर पोचल्यावर लक्षात आलं. मागे वळले नाही, शाळेची घंटा व्हायला दहाच मिनिटं उरली होती.